फटकाबायची कैफियत

पालघरच्या बाजारात मी पहिल्यांदा पापलेट खाल्लं ते कच्चं, आणि थेट तोंडावर.

लग्न नुकतंच झालं होतं. शाळेत कारकुनाची नोकरीही नवीनच. मी घाटावरचा. मासा पाण्यात राहतो, एवढंच मला त्याच्याबद्दल ठाऊक. पण आमची ही केळव्याची. तिच्यावर छाप पाडावी म्हणून रविवारी सकाळी पिशवी घेऊन मी बाजारात शिरलो. पहिल्याच पाटीपुढे उकिडवा बसलो, एक पापलेट उचललं, लोक दाबतात तसं दाबलं, लोक हुंगतात तसं हुंगलं, "जरा शिळं वाटतंय" असं म्हणालो आणि उठलो. पुढचं मला दिसलं नाही. चष्मा पलीकडच्या कोलंबीच्या ढिगात पडला होता.

"भवानी व्हायची हाय आजून! दाबतो, हुंगतो नि उटून जातो? शिळा तुजा बापूस!"

घरी आल्यावर बायकोने माझ्या गालावरचा माशाचा ठसा निरखून पाहिला. "भवानीच्या, म्हणजे दिवसाच्या पहिल्या विक्रीच्या, आधी कोळणीचा मासा हातात घेतला की तो घ्यायचा असतो. तसंच उठलं तर तिचा अख्खा दिवस वाया जातो," ती म्हणाली. "थोडक्यात सुटलात. हातात सुरमई असती तर?"

दुपारी दारात हाक आली. तीच बाई, डोक्यावर तीच पाटी. माझ्याकडे ढुंकूनही न पाहता तिने ते पापलेट बायकोच्या हातात ठेवलं. "ह्यो तुज्या नवऱ्याचा. त्याच्या तोंडाला लागला, आता दुसऱ्याला कसा इकू? पैशे नको."

बाजारात तिला सगळे फटकाबाय म्हणत. खरं नाव हिराबाय. राहायला दातिवऱ्याला. पहाटेच्या एस.टी.ने पाटी घेऊन निघायची, पालघरचा बाजार करायची, आणि माल उरला तर गाडीने उमरोळी नाहीतर बोईसरला जायची. अंगाने शेलाटी, पण हात असे की चापट बसलेल्याला आपल्याला फळी लागली असं वाटावं. आणि ज्याला फटका दिला त्याच्या घरी संध्याकाळच्या आत मासा पोचवायचा, हा तिचा नेम. एका कंडक्टरने तिची पाटी टपावरून फेकली तेव्हा तिने त्याला त्याच्याच तिकिटाच्या पेटीने बडवला, आणि दुसऱ्या फेरीला त्याच्या मांडीवर सुक्या बोंबलांची जुडी ठेवली. मी एकदा विचारलं, "हा काय प्रकार?" तर म्हणाली, "फटका बाजारात, मासा घरात. दोनी पोचलं का भांडान मिटलं. नायतर तं मनात कुजतं, नि कुजलेल्याचा वास जात नाय."

नवरा धर्मा आधी खलाशी होता. तो प्यायचा आणि हिला मारायचा, ही त्याला उलट मारायची. त्यांचं भांडण पेटलं की शेजारपाजारच्या बायका आधी अंगणात वाळत घातलेली करंदी उचलून आत न्यायच्या. तिने त्याला किती आणि कशाने मारलं हे आम्हाला साग्रसंगीत कळायचं. वल्ह्याने, पाटीने, एकदा जिवंत शेवंडाने, त्याच्या काटेरी कवचासकट. त्याने तिला काय मारलं ते मात्र कधीच नाही. भुवई फाटलेली असे, पाठ काळीनिळी असे, आणि विचारलं की एकच उत्तर: "डोलकाठी लागली." कसल्या मेल्या होडीची डोलकाठी ती! कधी कपाळाला लागायची, कधी कमरेला, आणि नेमकी पगाराच्या नाहीतर सणाच्या दिवशी.

तारापूरला अणुवीज केंद्राचं मोठं बांधकाम निघालं तेव्हाची ही गोष्ट. धर्मा तिथे एका ठेकेदाराकडे लागला, मुकादम झाला, लुंगीतून पॅन्टमध्ये शिरला आणि बोईसरला खोली घेऊन राहिला. खोलीत लवकरच एक बाई आली. पण तिचा भाऊ खमका निघाला. पहिली असताना दुसरी केली तर आता तुरुंग होतो, तेव्हा आधी पहिलीशी काडीमोडाचा कागद कर, असं त्याने धर्माला बजावलं. म्हणून धर्माने वकील केला.

कोर्टाच्या बेलिफाला फटकाबाय सापडली उमरोळी स्टेशनच्या फलाटावर. सरकारी कागद म्हटल्यावर तिने हात पदराला पुसले, अंगठा दिला, आणि समन्स बोंबलांच्या वर ठेवून थेट आमच्याकडे आली. "वाच रे कारकून. कसला वास मारतो ह्यो कागद?"

मी वाचला. वास बोंबलांचा होता, पण आतला मजकूर त्याहून उग्र होता. बायको मारकुटी आहे, आणि भगवान तांडेलाबरोबर बदफैलीपणे राहते, सबब काडीमोड मिळावा आणि मुलगी बापाच्या ताब्यात द्यावी. मुलगी म्हणजे पारू, आठ-नऊ वर्षांची.

फटकाबाय भिंतीला टेकून बसली. तिला मी तशी बसलेली कधी पाहिली नव्हती. "पोर कशाला पायजे त्याला? त्या भवानीच्या भाकऱ्या थापाया." मग तिने कागद माझ्या हातातून घेतला आणि उलटा करून पाहिला. "काडीमोड घे म्हनावं, दहा घे. पन तांडेलाचं नाव लावून पोर नेली, तं मी दर्यात जाईन."

वकिलाकडे ती जाऊन आली होती. त्याची फी द्यायची तर आईने दिलेली जाळी विकावी लागली असती, आणि जाळी गेली की दुसऱ्या दिवसापासून चूल बंद. त्या वकिलाच्या मुन्शीनेच जाता जाता सांगितलं होतं, की आपली कैफियत आपण लिहून दिली तरी कोर्ट घेतं. "तुजी बायको सांगते तू लय चांगला ल्हितोस," ती म्हणाली. आता, मी तोवर रजेचे अर्ज आणि हेडमास्तरांच्या मातोश्रींच्या शोकसभेचा ठराव सोडला तर काहीच लिहिलं नव्हतं. पण बायको दारात उभी होती. मी टाक उचलला.

"हे बघ," मी कायदेपंडिताच्या थाटात म्हणालो, "कैफियतीत सगळं नाकबूल करायचं असतं. वल्ह्याने मारलं, नाकबूल. दात पाडला, नाकबूल."

"का? मारलं तं मारलं. नि येक नाय, दोन दात. दुसरा त्याने गिळला."

"अगं, असं लिहिलं तर तू हरशील!"

"ल्ही तू. पाटीने मारला, कबूल. शेवंडाने मारला, कबूल. कोयती उगारली, ते त्याने सांगितलंच नाय, ते पन ल्ही. पन तांडेल, ती लबाडी."

"रोज संध्याकाळी त्याच्या घरी जातेस, असं म्हटलंय."

"जाते. माजी जाळी त्याच्या होडीवर हायत. जाळ्याचा वाटा आनायला त्याच्या अंगनात नाय जानार तं काय पोस्टात जाऊ?"

असा तो मसुदा दर रविवारी वाढत गेला. अर्जात जेवढी मारहाण होती त्याच्या दुप्पट आमच्या कैफियतीत झाली. वादीच्या आरोपांत प्रतिवादीनेच अशी उदारपणे भर घातल्याचं उदाहरण मला तरी माहीत नाही. एकाच गोष्टीवर ती अडली. बायकोने आतून म्हटलं, "आणि तो हिला मारायचा, ते नको का लिहायला?"

फटकाबाय ताडकन उठली. "ते नाय ल्हायचं! मार खाल्ला असं मी चारचौघांत सांगू? बाई मानूस येकली पाटी घेऊन फिरते. बंदरावर दारू प्यालेले खलाशी, फलाटावर हमाल. सगले माज्या हाताला भितात म्हनून मी जगते. ते भेव गेलं तं रातच्याला माजं दार कोन वाजवंल, ठाव हाय तुला?"

ते लिहायचं राहिलं. मी कैफियत पुरी केली आणि पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली.

तारखेच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, धर्मा आमच्या दारात आला. बरोबर त्या बाईचा तो भाऊ. धर्माच्या मुठीला सायकलची साखळी गुंडाळलेली. "ए मास्तर, वो कागज निकाल," भाऊ म्हणाला. मी मास्तर नसून कारकून आहे, असं मी नम्रपणे सांगायला गेलो आणि माझी कॉलर त्याच्या हातात गेली. पुढचा सगळा प्रसंग मी जमिनीपासून चार बोटं वर राहून पाहिला. तोंडाने मी "हे कायद्याला धरून नाही" असं म्हणत होतो, असं बायको सांगते. मला आठवत नाही.

त्याच वेळी फटकाबाय अंगठा उठवायला आली. धर्मा ट्रंकेकडे वळला होता. तिने पाटी टाकली आणि मध्ये जाऊन उभी राहिली. मला वाटलं, संपला धर्मा. पण तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"मार. माजी कैफियत पुरी झाली हाय. आता तुला येक पन फटका दिला तं परत ल्हावी लागंल. नाय देनार. मार तू."

त्याने मारलं. साखळी खांद्यावर बसली, पाठीत बसली. लुगडं फाटलं, खालचं कातडं फाटलं. ती ट्रंकेवर पडली तरी तिने ट्रंक सोडली नाही. तेव्हा त्याने साखळी तिच्या मनगटावर घातली, आणि हाड मोडल्याचा आवाज मी लोंबकळत असताना ऐकला. ओली फांदी मोडावी तसा. ती ओरडली नाही. धर्माच्या तोंडाकडे पाहत राहिली. त्याने पुन्हा हात उचलला.

तो हात खाली आलाच नाही. आमची ही, जी झुरळ मारायलाही मला हाक मारते, स्वयंपाकघरातून मुसळ घेऊन आली आणि तिने ते धर्माच्या कपाळावर हाणलं. कांडताना मारतात तसं, वरून खाली, सबंध वजन टाकून. तो बसला. रक्त डोळ्यांत उतरलं. तिने मुसळ पुन्हा वर नेलं तेव्हा त्या भावाने मला सोडलं, धर्माला ओढलं आणि दोघे रस्त्याला लागले. बायको मुसळ घट्ट धरून तशीच उभी होती. फटकाबाय ट्रंकेवरून म्हणाली, "हात सैल धर गो. नायतर आपल्याच खांद्याला कळ लागते."

दुसऱ्या दिवशी हाताला कामट्या बांधून ती पिंजऱ्यात उभी राहिली. आम्ही दोघे मागच्या बाकावर. जज्जसाहेब म्हातारे होते. त्यांनी कैफियत वाचली, चष्मा काढून पुसला आणि परत वाचली.

"बाई, हे सगळं तुम्हाला कबूल आहे?"

"व्हय सायेब."

"मग तांडेलाचं तेवढं का नाही?"

"सायेब, मी जं केलं तं धा मानसांदेकत केलं. चोरून मला काय येत नाय."

कोर्टात खसखस पिकली. साहेबांनीही मान खाली घातली. आमची नाव किनाऱ्याला लागली असं मला वाटलं. तेवढ्यात धर्माच्या वकिलाने त्याला उभं केलं आणि त्याच्या कपाळावरची पट्टी दाखवली. "साहेब, ही बाई काय सांगते ते बघू नका. कालच्या काल हिने माझ्या अशिलाचा जीव घ्यायचा बाकी ठेवला होता. अशा बाईच्या घरी मूल ठेवायचं?"

साहेबांचा चेहरा बदलला. "हे तुम्ही केलंत?"

फटकाबायने मागे वळून माझ्या बायकोकडे पाहिलं. एकदाच. मग ताठ उभी राहून म्हणाली, "व्हय. मीच मारला."

"आणि तुमच्या हाताला काय झालं?"

"डोलकाठी लागली."

साहेब लिहायला लागले. आणि माझ्या शेजारून आवाज आला, "खोटं आहे ते!"

मी आमच्या हिचा पदर धरला, पण उशीर झाला होता. "कपाळ मी फोडलं," ती म्हणाली. "मुसळाने." साहेबांनी तिला पुढे बोलावलं आणि शपथ दिली. मग तिने सगळं सांगितलं. साखळी, ट्रंक, पदराखालचे हात. आणि थांबली नाही. भुवई सांगितली, पाठ सांगितली, इतक्या वर्षांच्या सगळ्या डोलकाठ्या सांगितल्या. मी फटकाबायकडे पाहिलं. तिची मान खाली गेली होती. साखळीनेही ती मान खाली गेली नव्हती.

निकाल बऱ्याच महिन्यांनी लागला. धर्माचा अर्ज फेटाळला. तांडेलाचा आरोप शाबीत नाही, मुलगी आईकडे. मी पेढे आणले. पण त्याआधीच बाजारात एका खलाशाने तिला पाहून हाळी दिली होती, "काय गो फटकाबाय, डोलकाठी येते का आज घरी?" आणि सगळे हसले होते. तिचा उजवा हात वाकडाच जुळला होता. तिने डाव्या हाताने त्याला खाली पाडला आणि उठेपर्यंत तुडवला. तरी पूर्वी लोक गप्प बसायचे, त्या दिवशी मात्र हसले. तिने पालघरचा बाजार सोडला आणि बोईसरच्या कामगार वस्तीत माल न्यायला लागली. तिथे तिला फटकाबाय म्हणून कुणी ओळखत नव्हतं. वाटेत आमचं घर लागायचं, पण ती आली नाही. एकदा उमरोळीच्या फलाटावर आम्ही समोरासमोर आलो. तिने मला "बरा हायस का कारकून?" असं विचारलं, आणि बायकोकडे न बघता गाडीत चढली.

बऱ्याच वर्षांनी पारू लग्नाचं आमंत्रण घेऊन आली. आईसारखीच शेलाटी. आई गेल्या पावसाळ्यात तापाने गेली, म्हणाली. बायकोने विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलायची का गं?"

पारू पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "तुमच्यामुले मी रायले, असं सांगायची. तुमचं नाव मात्र घेत नवती."

ती गेल्यावर बायको किती तरी वेळ दारातच उभी होती. मी म्हटलं, "तू बोललीस म्हणून पोर वाचली. तुझं काही चुकलं नाही."

"ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर तिने मला एक फटका मारायला हवा होता हो. मग संध्याकाळी पापलेट घेऊन आली असती."