गैबीसाबच्या गाडीचा उंबरा

वळसंगच्या पुढं माळावर धनगरांची अकरा घरं आहेत. तिथं जायला रस्ता नाही. रस्त्याचा अर्ज आहे, तो मीच लिहिलाय, त्याला तीन वर्षं झाली. त्यापायी मी कुणाकुणाशी भांडले ते सांगत बसले तर गैबीसाब राहून जातील, आणि ही गोष्ट त्यांची आहे.

त्या अकरा घरांचं दूध खाली आणायचं, पेंड वर न्यायची, कुणी आजारी पडलं तर त्यालाही घालून आणायचं, ही सगळी कामं गैबीसाबांची पिकअप करते. साठीला टेकलेला, वाळक्या अंगाचा माणूस. वीस वर्षं हैदराबादच्या रस्त्यावर ट्रक चालवला आणि कंबर बोलायला लागली तेव्हा एका टॉवरवाल्या ठेकेदाराची ही जुनी गाडी घेतली. चारही चाकं ओढणारी आहे, म्हणून माळावर चढते. दुसरी कुठली चढत नाही.

वस्तीच्या अलीकडं ओढा आहे. त्यात पाणी असेल-नसेल, खडक कायम असतो. गाडीच्या दाराखाली पत्र्याची लांब पट्टी असते, तिला गैबीसाब गाडीचा उंबरा म्हणतात. गेल्या पावसाळ्यात खडकानं डावीकडचा उंबरा असा चेपला, की वरचं दार उघडेना. मग बसणारा माणूस उजव्या दारानं शिरायचा आणि गिअरवरून पाय टाकून पलीकडं सरकायचा.

सुकन्याला ते जमत नव्हतं. सुकन्या म्हणजे केराबाईची लेक, वय सतरा, बारावीला. लहानपणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली उजवा पाय गेला. पाय वाचला, गुडघा मात्र वाकत नाही. गैबीसाब तिला पहिलीपासून काखेत धरून उचलायचे आणि सीटवर ठेवायचे. दार अडकल्यावर उजवीकडून उचलून आत ढकलावं लागायला लागलं. आठ दिवस तिनं सोसलं. नवव्या दिवशी गाडी वर पोचायच्या आधीच ती काठी घेऊन निघून गेली होती. डांबरी रस्त्यापर्यंत तीन किलोमीटर. दिवाळीपर्यंत असंच चाललं.

मग केराबाईनं मला गाठलं. "आक्का, पोरीचा पाय भोपळ्यावानी सुजतुया. आता म्हंती कालेज नगं. तुमी तरी सांगा."

मी सांगितलं. म्हणजे ओरडले. सुकन्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आक्का, तुमाला कुनी मेंढरावानी गाडीत टाकलंय का?"

मी भांडण अर्धं सोडून खाली आले. असं फार वेळा होत नाही.

त्याच आठवड्यात गैबीसाब दारात आले. "आक्का, सोलापूरला चला. गाडीला खालून लोखंड बसवायचंय. दुकानदार मला फसवतो, तुम्हाला भितो."

त्या लोखंडाला रॉक स्लायडर म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. दाराखाली जाड नळीचा दांडा असतो. तो चेसीला, म्हणजे गाडीच्या कण्याला, आवळायचा. खडक आला की त्याच्यावर घासायचा आणि गाडी वरून घसरत पुढं जायची. पत्रा वाचला, दार वाचलं.

दुकानात आरशासारखे चकाकणारे दांडे टांगले होते. दुकानदार म्हणाला, "हेच घ्या बाई. सगळे हेच नेतात. हत्ती उभा करा."

"हत्ती राहू द्या," मी म्हटलं. "खाली जॅक लावा आणि ह्याच्यावर गाडी उचलून दाखवा."

तो हसला. मग गैबीसाबांनी दांडा उलटा केला आणि बोट ठेवलं. मागं चार बारके नट होते आणि ते पत्र्याला बसणार होते, चेसीला नाही. दांडा पाय ठेवण्यापुरता होता. खडक लागला असता तर तोच दुमडून दारात घुसला असता. मी दुकानदाराला दोन शब्द ऐकवले. ते इथं लिहीत नाही.

दुसरे पुण्याहून येणारे तयार दांडे होते, पक्के होते. त्यांची किंमत फोनवर ऐकून गैबीसाबांनी फोन माझ्याकडं असा दिला, जणू त्याचा चटका बसला.

गैबीसाबांच्या घरी त्यांच्या बायकोनं, सायराबानू भाभींनी, चहा दिला आणि टोमणाही. "घराचं दार दोन वर्षं करकरतंय, ते ह्यांना ऐकू येत नाही. गाडीचं दार अडकलं तर जेवण जात नाही."

तोडगा निघाला केराबाईच्या अंगणात. तिचं बोअर दोन वर्षांपूर्वी आटलं. आतले लोखंडी पाईप वर काढून आडवे रचले होते आणि त्यावर घोंगड्या वाळत होत्या. दीड इंची, जाड अंगाचे. गैबीसाबांनी एकावर दगडानं ठोकलं आणि कान लावला.

"मोल काय घेशील?"

केराबाईनं घोंगड्या गोळा करायला घेतल्या. "मोल कशाचं? पानी न्हाय दिलं त्येनं. गाडी तरी धरंल."

पाईप घेऊन आम्ही अक्कलकोट रोडला मृत्युंजयच्या शेडवर गेलो. खडी क्रशरचे डंपर दुरुस्त करणारा माणूस, कानडी बोलणारा, हात सोन्याचा, तोंड तिखट. त्यानं आधी पाईपावरचा जस्ताचा थर घासून काढला, कारण वेल्डिंगमध्ये तो जळला तर धूर छातीत बसतो. चेपलेला उंबरा ओढून सरळ केला. दार उघडलं. मग त्यानं दांडा चेसीला धरून पाहिला आणि खडूनं खूण केली.

"एवढं वर," तो म्हणाला.

"वीतभर खाली घे," गैबीसाब म्हणाले.

"खाली घेतलं तर खडकात अडकणार की. मग गाडी तिथंच राहणार. बसायला गाडी घेतलीय का चढायला?"

"वीतभर खाली."

"आक्का, सांगा ह्यांना."

मला मृत्युंजयचं पटलं होतं आणि ऊनही झालं होतं. मी गैबीसाबांवर चढले. एवढी पायपीट केली, आता हौस कसली, दिसायला छान पाहिजे का, असं बरंच. ते ऐकत राहिले. मग खिशातून सुतळीचा तुकडा काढला. त्याला एका जागी गाठ होती.

"हा केराबाईचा ओटा. सुकन्या कुणाचा हात न धरता चढते तो. मी मापून आणलाय." सुतळीचं टोक जमिनीला टेकवून त्यांनी गाठ दांड्यापाशी नेली. गाठ वीतभर खाली राहिली. "पोरगी मोठी झाली, आक्का. मी उचलतो तेव्हा डोळे मिटून घेते. बोलत नाही म्हणून मला दिसत नाही असं थोडंच आहे? पण माझ्याकडं दुसरा इलाज नव्हता."

 मृत्युंजयनं खडू खिशात टाकला. मग म्हणाला, "हे आधी सांगायचं होतं की." आणि शेडच्या मागं गेला.

डंपरची सगळ्यात खालची पायरी लोखंडानं जोडलेली नसते, ती जाड रबरी पट्ट्यांवर लोंबते. दगड लागला की मागं वळते आणि सुटली की जागेवर येते. त्यानं क्रशरच्या जुन्या पट्ट्याचं रबर कापून आणलं. दांडा त्याच्या खुणेवर, वर आवळला. त्याखाली डाव्या दारापाशी रबराला टांगलेली एक पायरी आली, बरोबर गैबीसाबांच्या गाठीवर. दोघांचंही खरं झालं, म्हणून दोघंही खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वर निघालो. ओढ्यात त्याच खडकावर डावं अंग आलं. खालून खर्रर्र असा आवाज झाला की माझे दात शिरशिरले. गाडी घसरली, पलीकडं उतरली. गैबीसाबांनी थांबवली, उतरले, डावं दार उघडून बघितलं, बंद केलं, परत उघडलं. तीनदा. मग बसले.

वस्तीवर त्यांनी नेहमीसारखी गाडी वळवून, परतीच्या वाटेकडं तोंड करून लावली. सुकन्या काठी घेऊन आली; आज ती आधीच पायी निघून गेली नव्हती, कारण केराबाईनं तिला कोंडूनच ठेवलं होतं म्हणा. तिनं पायरी बघितली. धड पाय पायरीवर ठेवायला उचलला. पोचला नाही. पुन्हा उचलला. बोटं लागली, टाच लागली नाही. तिचा चेहरा उतरला.

चूक माझ्या लक्षात तेव्हा आली. आम्ही माप घेतलं शेडच्या सपाट फरशीवर. इथं अंगण उताराचं. गाडी वळवली की डावं दार उताराकडं येतं आणि पायरी टीचभर वर जाते.

गैबीसाबांचे हात सवयीनं पुढं झाले. त्यांनी ते मागं घेतले आणि पाठीशी बांधले. मी त्या माणसाला खूप वर्षं ओळखते. असं हात बांधून उभं राहिलेलं कधी बघितलं नव्हतं.

सुकन्या गाडीकडं बघत होती, उताराकडं बघत होती. मग म्हणाली, "चाचा, गाडी वळवूच नगा की. आली तशी लावा. मंग ह्ये दार चढाकडं येतंय."

"मग माणूस बसल्यावर मागं घ्यावी लागेल."

हे सोपं नव्हतं. दहा वर्षांपूर्वी ह्याच अंगणात गाडी मागं घेताना त्यांच्या चाकाखाली केराबाईचं करडू गेलं होतं. तेव्हापासून वस्तीवर गाडी मागं घ्यायची नाही असा त्यांनी नेम केला होता आणि तो कधी मोडला नव्हता.

"घ्या मागं," सुकन्या म्हणाली. "मी बगते."

त्यांनी केराबाईकडं पाहिलं. केराबाई म्हणाली, "आता काय करडावर पोरीची बारावी टांगायची?"

गाडी फिरवली. डावं दार चढाकडं आलं. सुकन्यानं काठी आत टाकली, दाराची कड धरली, धड पाय पायरीवर ठेवला. रबर जरासं हललं. तिनं ताठ पाय बाजूनं वर ओढून घेतला आणि बसली. दार तिनंच ओढलं. तोवर गैबीसाब आपल्या दारापाशी उगाच काच पुसत होते. काच स्वच्छ होती.

मी खालीच उभी राहिले. इंजिन सुरू झालं. सुकन्यानं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं, मागं बघितलं.

"येऊ द्या, चाचा. येऊ द्या. थांबा."

गाडी थांबली. एक करडू उड्या मारत मागून निघून गेलं.

"हां. आता येऊ द्या."