सर्व्हरचा दुपारचा विसावा

ज्या माणसाला मी आजही क्षमा केलेली नाही, तो सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यातून आमच्या कापूस खरेदी केंद्रावर व्यवस्थापक होऊन आला होता. घाटंजीकडच्या रस्त्यावरचे ते केंद्र. भाव कोसळलेल्या त्या वर्षांत सगळा परिसर एकाच वेळी तिथे गाड्या लावी; रांगेतला क्रमांक मागे गेला की उन्हात आणखी दोन दिवसांचा मुक्काम. हे क्रमांक संगणकाने द्यायचे ठरले, आणि सर्व्हरवर कोणती ऑपरेटिंग प्रणाली ठेवावी याचा अहवाल माझ्याकडे आला. मी यवतमाळची, नोकरदार घरातली, मराठी कवितेत एम.ए.; संगणकाची पदविका नंतरची.

सारखेच दोन सर्व्हर शेजारी शेजारी मांडले. एकावर विकतच्या परवान्याची प्रणाली, दुसऱ्यावर मी बसवलेले फुकटचे लिनक्स. खोलीत सरकीचा तेलकट वास, जिभेवर कापसाचा तंतू, आणि सर्व्हरच्या दोन पंख्यांचे दोन सूर. परवान्याची प्रणाली चपळ; क्रमांकाची चिठ्ठी मागताच देई. लिनक्स किंचित रेंगाळे. तसे मी लिहिले. पण पहिल्या सर्व्हरचा सूर सकाळपासून चढत जाई. क्रमांक देणारा प्रोग्राम वापरलेली मेमरी तिथे मोकळी करत नसे, ती भरत जाई. संध्याकाळपर्यंत काय होईल, ते कधी दिसलेच नाही. एक वाजला की व्यवस्थापक येऊन दोन्ही यंत्रे बंद करवी.

"तापल्या मशीनले विसावा लागतेच, मॅडम. जिनिंगमधी रोज देत होतो. एक ठिणगी पडली का सारी गंजी खाक."

"साहेब, यात कापूस नाही. बंद केले की मेमरी रिकामी होते आणि दोष झाकला जातो. तीन दिवस सलग चालू द्या."

"अन् आग लागली त तुमच्या कविता इझवतीन का?"

कारकून हसले. त्या हसण्याचा तंबाखूचा दर्प माझ्या नाकातून गेलेला नाही.

'सलग चाचणी झालेली नाही,' हे माझे वाक्य त्याने खोडले. 'दोन्ही विश्वासार्ह, पहिली वेगवान' असे लिहवून घेतले. सही मी केली, आणि परवान्याची प्रणाली ठरली.

हंगामाच्या पहिल्या दिवशी रांग वळणापलीकडे गेली. एक वाजता यंत्र थांबवण्याची त्याचीही छाती झाली नाही. तीनच्या सुमारास सर्व्हरचा पंखा कण्हू लागला, पडदा गोठला. दिलेल्या क्रमांकांची यादी यंत्र नीट बंद केले तरच डिस्कवर उतरे; ती गेली. पुन्हा सुरू झालेला सर्व्हर नव्या गाड्यांना एकपासून क्रमांक देऊ लागला, आणि ते ध्यानात येईपर्यंत नऊ क्रमांकाच्या दोन चिठ्ठ्या बाहेर होत्या; मापे तेव्हा आठव्या गाडीवरच होती.

त्यातली पहिली घेऊन बंजारा तांड्यावरची एक बाई खिडकीशी आली. तिच्या पदराला कापूस चिकटला होता. "पहाटपासून उभी हावो मी. हा आत्ता आला, माह्या पुढं कायले?"

"लाईट गेलती म्हणा," व्यवस्थापक माझ्या कानाशी पुटपुटला.

आमच्या डोक्यावर छताचा पंखा फिरत होता. ती त्याच्याकडेच बघत होती.

"लाईट होती," मी म्हणाले. "चूक आमची आहे."

संध्याकाळपर्यंत रांगेतून फिरून मी सकाळच्या प्रत्येक चिठ्ठीवर, ती आधीची म्हणून ओळखू यावी यासाठी, सही केली. दुसऱ्या दिवशी क्रमांक लिनक्सवर सुरू केले आणि एक वाजता त्या सर्व्हरच्या बटणाला पाठ लावून बसले.

"उठा, मॅडम."

"नाही."

तो दीड वाजेपर्यंत दारात उभा होता. माझ्या पाठीमागे सर्व्हरच्या पंख्याचा सूर सकाळचाच होता.