अक्रोडाचा दस्ता

अक्रोडाचा दस्ता तयार असल्याचा फोन आला, तेव्हा माझ्या बायकोला जाऊन तीन आठवडे झाले होते. शेवटचं माप बघायला मॅडमना पाठवा, असं बंदुकांचा दुकानदार म्हणाला. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

माझी बायको शिकार करायची, हे टेक्सासातल्या शुगर लँडमधल्या आमच्या मराठी मंडळींना कधीच पचलं नाही. ती तेलकंपनीत इंजिनिअर होती. ऑफिसातल्या दोघी मैत्रिणींबरोबर दर ऑक्टोबरात पश्चिम टेक्सासात जायची आणि चारशे यार्डांवरून हरीण पाडून यायची. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करणारा, अंडंही न खाणारा. "आमच्याकडे एक वाघ आहे आणि एक वरणभात," असं ती पाहुण्यांना सांगायची. पाहुणे माझ्याकडे बघून हसायचे. मीही हसायचो.

आजार कळला त्या दिवशी तिने डॉक्टरांना माझ्यादेखत सांगितलं, की महिने, टक्के, जे काही असेल ते याला सांगा, मला सांगू नका. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "आणि तू तोंड उघडायचं नाहीस. एवढं एक काम नीट कर."

मार्चमध्ये डॉक्टरांनी मला शेजारच्या खोलीत बसवून सांगितलं. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपर्यंत कदाचित. नवीन वर्ष धरून चालू नका. मी घरी येऊन कुकर लावला.

केमोसाठी तिच्या उजव्या खांद्याजवळ, कातडीखाली, पोर्ट, म्हणजे शिरेत औषध सोडायची छोटी डबी, बसवलं होतं. रायफलचा मागचा भाग, म्हणजे दस्ता, नेमका तिथेच टेकतो, आणि गोळी सुटली की धक्काही तिथेच बसतो. शिवाय ती वाळली होती, जुना दस्ता तिला लांब पडायला लागला होता. "डाव्या खांद्यावरून मारीन," ती म्हणाली. "दस्ता नवा बसवू." एप्रिलमध्ये आम्ही दुकानात गेलो.

दुकानदार म्हातारा होता, गळ्यात शिंप्यासारखी टेप. त्याने काउंटरवर दोन दस्ते ठेवले. एक करड्या फायबरग्लासचा, गालाखालचा भाग वरखाली करता येणारा, मागे जाड रबर. तो तासाभरात बसवून मिळणार होता. दुसरा अक्रोडाच्या लाकडाचा, पण तो नुसता नमुना. खरा दस्ता तिच्या मापाने कोरायचा, त्याला दहा महिने, आणि तोवर रायफल कारागिराकडे राहणार.

तिने अक्रोडावरून तळवा फिरवला. मग मला म्हणाली, "तू सांग. कुठला?"

इतक्या वर्षांत बंदुकीबद्दल तिने मला एक अक्षर विचारलं नव्हतं. मी मात्र आठवडाभर वाचून गेलो होतो.

"फायबरग्लास," मी म्हटलं. "इथल्या दमट हवेत लाकूड फुगतं. फुगलं की नळीला टेकतं आणि नेम सरकतो."

"आणि?"

"रबर जाड आहे. धक्का कमी बसेल."

"आणि?"

"गालाखाली हवं तेवढं उचलता येतं. पुढे वजन वाढलं तरी चालेल."

"पुस्तक पाठ करून आलायस, कळलं. आणि?"

"आणि आज मिळतोय."

दुकानदाराला मराठी कळत नव्हतं, तो आपला हसून मान हलवत होता. तीही हसली.

"एप्रिलपासून दहा म्हणजे फेब्रुवारी," ती म्हणाली. "का रे? फेब्रुवारी नाहीये का?"

आहे की, असं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी दस्त्याच्या स्क्रूंकडे बघत राहिलो.

"तुला एवढंही जमलं नाही," ती म्हणाली, आणि दुकानदाराकडे वळून अक्रोडाची ऑर्डर दिली.

त्याने तिचा हात कोपरात वाकवून माप घेतलं, मग मानेचं, मग खांद्याचं. आजारी होतात का, वजन पुन्हा चढलं की दस्ता थोडा तासून देईन, असं तो मायेने म्हणाला. तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "चढणार का, ते याला विचारा. याला सगळं माहीत असतं." हे इंग्रजीत. म्हातारा टेप गुंडाळत राहिला.

उन्हाळ्यात औषध लागू पडलं. कुणालाच अपेक्षा नव्हती. सप्टेंबरात ती सकाळी तळ्याला दोन फेऱ्या मारायला लागली, पोटभर जेवायला लागली. मैत्रिणी येऊन म्हणाल्या, आमची जास्तीची रायफल घे आणि चल. "दुसऱ्याच्या बंदुकीने मी मारत नाही," ती म्हणाली. "आणि माझी याने दुकानात अडकवून ठेवलीय." मैत्रिणींनी माझ्याकडे बघितलं. मी चहा ओतत होतो.

त्या दोघी गेल्या. रविवारी दुपारी तिच्या फोनवर हरणाचा फोटो आला. तिने तो माझ्या नाकासमोर धरला.

"मी गेले असते की नाही? बोल."

"गेली असतीस."

"मारलं असतं?"

"अगं, मारलं असतंस."

"मग? दुकानात तुझं ते तोंड बघूनच मी अक्रोडाला पेटले."

ती गॅरेजमध्ये गेली. वीस पौंडांचं तांदळाचं पोतं डाव्या खांद्यावर टाकून आली आणि ते स्वयंपाकघरात माझ्या पायाशी आपटलं. तिला धापसुद्धा लागली नव्हती. चेहऱ्यावर तजेला होता.

"बघ," ती म्हणाली.

मी बघितलं. मला आनंद व्हायला हवा होता, आणि तो व्हावा म्हणून मी क्षणभर थांबलोही. पण मनात आलं ते असं, की डॉक्टर चुकले असतील, तर ही आता वर्षानुवर्षं मला त्या दुकानाबद्दल ऐकवणार. मी उभ्या उभ्या मोजलं: ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. मी डॉक्टरांच्या बाजूने होतो.

"काय बघतोयस एवढं?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि पोत्याची शिवण उसवून तांदूळ डब्यात ओतायला घेतले.