अप्पांचा दोन टनांचा हॉल

हुबळी-धारवाडात एसी घ्यायला आलेला माणूस खोलीबद्दल बोलत नाही. खिडकी कुठल्या बाजूला, छतावर ऊन येतं का, आत माणसं किती बसणार, असं मी विचारायला लागले की तो माझ्याकडे असा बघतो, जणू मी त्याच्या घरात सोयरीक जमवायला आले आहे. त्याला एकच सांगायचं असतं. साडूनं दीड टनाचा घेतलाय, आम्हाला दोनचा द्या. आमच्याकडे एसी खोली बघून घेत नाहीत, शेजार बघून घेतात.

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. विद्यानगरातल्या एका एसीच्या दुकानात मी कामाला आहे. कुठल्या खोलीला केवढं यंत्र पुरेल याचा हिशेब काढणं, हे माझं काम. गिऱ्हाईक मान डोलावत माझा हिशेब ऐकतं आणि मग बाहेर जाऊन साडूला फोन करतं.

इथली हवा दोन तोंडांची. एप्रिल-मेची दुपार भाजून काढते, संध्याकाळी वारा सुटतो. पुढे पावसाळाभर झिमझिम. उकाडा फारसा नसतो, पण दमटपणा असा की टॉवेल तीन दोऱ्या बदलूनही वाळत नाही. अशा गावात गरजेपेक्षा मोठं यंत्र बसवलं तर ते झटक्यात खोली गार करतं आणि थांबतं. हवेतलं पाणी ओढून बाहेर टाकायचं तर त्याला बराच वेळ चालावं लागतं, तेवढं ते चालतच नाही. खोली गारही होते आणि ओलीही राहते. विहिरीच्या तळाशी गादी टाकल्यासारखी. हे मी येईल त्याला सांगते. न ऐकणाऱ्यांत पहिला नंबर आमच्या अप्पांचा.

अप्पा सरकारी कचेरीत शिपाई होते. नोकरीचा बहुतेक काळ त्यांनी मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेर स्टुलावर बसून काढला. आत एसी धडधडायचा. दार उघडलं की अप्पांच्या पायांना गार झुळूक लागायची, दार मिटलं की संपली. एसीची त्यांची सगळी ओळख अशी, घोट्यापर्यंतची.

नवनगरात आम्ही घर बांधलं तेव्हा अप्पांनी फरशी, रंग, कपाटं सगळं आमच्यावर सोडलं. हट्ट धरला तो एकाच गोष्टीचा. हॉलला एसी हवा, आणि तो दोन टनांचाच, साहेबांच्या केबिनमध्ये होता तेवढा. गृहप्रवेशाला त्या साहेबांना बोलवायचं, हॉलमध्ये बसवायचं आणि त्यांना गार वाटलं पाहिजे. त्याशिवाय अप्पांच्या लेखी घर पुरं होणार नव्हतं.

मी कागद घेऊन बसले. हॉल बेताचा, वर आणखी एक मजला, पश्चिमेला खिडकी नाही. एक टन पुष्कळ झाला. घरात मी मोठी, म्हणून सगळे मला अक्का म्हणतात, अप्पासुद्धा. त्यांनी माझा कागद नीट बघितला, परत दिला आणि म्हणाले, "अक्का, तू शिकलीस ते बरं केलंस. पण गारठा मला शिकवू नकोस. मी त्याच्या दारात बसलोय."

याला कुठलं सूत्र लावायचं, ते कॉलेजात शिकवलेलं नव्हतं. आवाज न करणारा नव्या पद्धतीचा एसीही त्यांना नको होता. आवाजच नसेल तर तो आहे हे लोकांना कळणार कसं, हा त्यांचा सवाल. आमचे दुकानदार खूश. मुलीपेक्षा बापाला जास्त कळतं, असं ते माझ्यासमोर म्हणाले.

यंत्र बसलं ते पावसाळ्यात. सामान हलवलं, आम्ही राहायला आलो, समारंभ पुढच्या पौर्णिमेला ठरला. तोवर अप्पांचा सराव सुरू. एसी सोळावर, अंगावर आईची शाल, डोक्याला कानटोपी, आणि गल्लीला कळावं म्हणून दार अर्धं उघडं. येणारा-जाणारा एकच विचारायचा, "एष्टु टन री?" अप्पा शालीतून दोन बोटं बाहेर काढायचे. बाहेर पाऊस पडत असताना एसी कशाला, हे मात्र एकानंही विचारलं नाही.

गिरमिटासाठी, म्हणजे आमच्याकडच्या भेळेसाठी, आणलेले चुरमुरे हॉलमध्ये सादळून कापसासारखे झाले. सोफ्याला ओल्या गोणपाटाचा वास यायला लागला. आई गॅसजवळ पाट टाकून बसायची आणि हॉलला शीतघर म्हणायची. भिंतीवर माझा पदवीदानाचा फोटो होता, त्यातल्या काळ्या गाऊनवर बुरशीचे पांढरे ठिपके आले. मी ते अप्पांना दाखवले. ते म्हणाले, पुसलं की जातंय.

गृहप्रवेशाच्या दिवशी सकाळी बुद्धवंदना झाली, खीर झाली, पाहुणे जेवून गेले. साहेब दुपारी आले. उंबरठ्यावरच त्यांनी सांगून टाकलं की काही करू नका, आत्ताच चहा झालाय. आमच्या घरी येताना त्या लोकांचा चहा नेहमी आत्ताच झालेला असतो. कचेरीत अप्पांनी त्यांच्या टेबलावर रोज चहा नेऊन ठेवला. अप्पांचा स्वतःचा ग्लास असायचा खिडकीमागे, वेगळा.

साहेब सोफ्यावर बसले. एसी सकाळपासून सोळावर. त्यांनी वर यंत्राकडे बघितलं आणि विचारलं, किती टनांचा. म्हणजे तेही तसलेच. अप्पा म्हणाले, "दोन. तुमच्या केबिनमध्ये होता तेवढा."

"केबिन मोठी होती रे," साहेब म्हणाले.

इतक्या वर्षांत खोलीच्या मापाबद्दल कुणीतरी आपणहून बोललं, आणि ते नेमके हे. मला हसावं की रडावं कळेना.

साहेबांनी आधी गुडघे चोळले, मग हात बगलेत घातले. समोरच्या खुर्चीत अप्पा ताठ बसलेले, आज कानटोपीशिवाय, शिंका दाबत. शेवटी साहेब म्हणाले, जरा बाहेर बसू या, इथं फार गार आहे.

अप्पांना हवं होतं ते त्यांच्या तोंडून निघालं होतं. पण पुढचं कुणी ठरवलेलं नव्हतं. साहेब दाराबाहेर पडले आणि त्यांचा गार पडलेला चष्मा दमट हवेत एकदम धुरकट झाला. ते चाचपडायला लागले. अप्पांनी त्यांचा कोपर धरला आणि चपलांशेजारी ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर त्यांना बसवलं. मग आत येऊन स्वतः सोफ्यावर बसले, बरोबर एसीखाली. दार सताड उघडं होतं. आतली गार हवा फरशीवरून वाहत साहेबांच्या पायांपर्यंत जात होती. साहेबांनी पाय आखडून घेतले, चष्मा पुसता पुसता आत बघितलं आणि विचारलं, "थोडा चहा मिळेल का?"

"मिळेल की," अप्पा म्हणाले. "अक्का, साहेबांना चहा दे. आपल्या रोजच्या कपात."

साहेबांनी कप दोन्ही हातांत धरला, सगळा चहा प्याले आणि आणखी मागितला.

ते गेल्यावर अप्पांनी रिमोट उचलून एसी बंद केला, कपाटातून कानटोपी काढून घातली आणि म्हणाले, "झालं माझं काम. आता तुझा लाव."

हॉलला आता एक टनाचा आहे. चुरमुरे वाजतात. दोन टनांचा गल्लीतल्याच एकानं त्याच्या बेडरूमसाठी मागून नेला. मी सवयीनं त्याला खोलीचं माप विचारलं. तो म्हणाला, अप्पांच्या घरचाच आहे ना, मग माप कशाला?