टेली म्हणजे दूर

अठ्ठ्याण्णव साली आमच्या आळीत एकच फोन होता, आणि तो आमच्या ओटीवर. शेजारची चार घरं लग्नपत्रिकेवरसुद्धा आमचाच नंबर छापायची, पुढे 'पीपी' लावून. शेजारच्या चाचीचा नवरा मस्कतला गाडी चालवायचा. शुक्रवारी नमाजानंतर, आपल्या तीनच्या सुमारास, त्याचा फोन यायचा. चाची अडीचलाच येऊन बसायची.

त्या शुक्रवारी तो एकच गोष्ट सांगणार होता, मुलीच्या निकाहला रजा मिळाली की नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी मी माती खाल्ली.

मी तेव्हा एफवायला, आणि त्याच आठवड्यात कॉलेजात सरांनी 'टेली' हा शब्द फोडून शिकवलेला. मला नुसतं चढलं होतं. पावणेतीनला पाली गावात राहणाऱ्या मैत्रिणीचा फोन आला. ती बिचारी नोट्स मागत होती, मी तिला ग्रीस हिंडवून आणलं. टेली म्हणजे दूर, शब्द ग्रीकांचा. फोन म्हणजे आवाज, तोही त्यांचाच. त्यांच्याकडे ना तार होती ना टीव्ही, पण युरोपात नवी यंत्रं निघाली तसा लोकांनी हा जुना शब्द त्यांच्या नावांपुढे चिकटवला, आणि आपल्या पंडितांनी त्यावरून दूरध्वनी, दूरदर्शन पाडलं. हे सगळं मी ज्या यंत्रात ओरडत होते, तेच अडवून बसले होते. चाचीने एकदा घड्याळाकडे बोट केलं. मी तिला हातानेच थांबवलं, वर तू पण ऐक म्हटलं आणि आवाज वाढवला. शहाणी मोठी!

रिसीव्हर ठेवला तेव्हा सव्वातीन वाजून गेले होते. तिकडे मस्कतला बूथसमोर रांग असायची, लाइन एंगेज लागली की मागचा माणूस पुढे यायचा. आमचा फोन काही वाजला नाही. चाची त्याच्याकडे बघत बसली आणि मी भिंतीकडे. माझी मलाच लाज वाटत होती.

चारच्या सुमारास असरची अजान झाली तशी ती उठली. ओरडली असती तर बरं झालं असतं. पायरीवर चपला घालताना तिने विचारलं, "दूरला टेली म्हणतात ना गो? मग जवळला काय म्हणतात?"

दीड तास ती माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती.