आधी चंद्रावहिनी जेवली

चंद्रावहिनीबद्दल खरं तर दुसऱ्या कुणीतरी नीट लिहायला हवं होतं. मला जमेल तेवढं सांगतो.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेला, पण कर्जतजवळच्या कोंडाण्यात आमची दोन्ही घरं अजून एकाच अंगणात आहेत. वहिनी पंच्याहत्तरीच्या पुढची, अंगाने अगदी काडी. तिच्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. पनवेलचे डॉक्टर म्हणाले, गाठ काढता येईल, पण या अंगाला ऑपरेशन झेपणार नाही. महिनाभर चांगलं खा, चाला, हात न टेकता खुर्चीतून उठा-बसा. ताकद आली तरच ऑपरेशन.

वहिनीची सून छाया लगेच कामाला लागली. घरच्या कोंबड्यांची अंडी वहिनीसाठी राखून ठेवायची आणि कर्जतला नोकरीवर जायची. संध्याकाळी आल्यावर विचारायची, "आई, अंडी खाल्लीत?"

"खाल्ली गं बाय."

आठवडा झाला तरी वजन तिळभर वाढेना. मग एकदा छायाला पडवीत डाल्याखाली खुडूक कोंबडी दिसली, फुगून बसलेली. तिला उचललं तर खाली अंडीच अंडी!

"आई, हे काय?"

"अगं, खाल्लं की संपलं. पिल्लं झाली तर घराला राहतील. माजं काय, आज हाय, उद्या नाय."

छाया आता रडणार असं मला वाटलं. पण तिने ओढणी कमरेला खोचली. वहिनीने आयुष्यात कधी पहिलं ताट घेतलं नव्हतं. सगळे उठले की उरलंसुरलं घेऊन ती चुलीपाशी बसायची.

"आजपासून तुम्ही जेवल्याशिवाय या घरात कोणी जेवणार नाही. काकासुद्धा!"

काका म्हणजे मी. माझा काय गुन्हा, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

बांगड्याचं कालवण समोर होतं. वहिनी ताटाला हात लावेना. तिचा मुलगा मनोज बांगड्याकडे बघत बसला. माझं पोट मात्र असं गुरगुरलं की दारातलं कुत्रं उठून उभं राहिलं.

"भावजी, पोट हाय का गिरण?"

"वैनी, जेव की गं एकदाची!"

वहिनी हसत सुटली आणि हसता हसता दोन अंडी नि अख्खा बांगडा खाऊन बसली.

मग रोज तसंच. संध्याकाळी आम्ही दोघं रस्त्याने चालायचो. गावावरून डोंगरातल्या लेण्यांकडे निघालेली पोरं विचारायची, "आजी, अजून किती लांब?"

"माज्याबरोबर आलात तर अंधार पडंल. पळा रं!"

महिन्याने पनवेलला परीक्षा. डॉक्टर घड्याळ लावून बसले. वहिनी छातीवर हात बांधून उठू-बसू लागली आणि मधेच थांबली.

"डॉक्टर, तुमी बी उठा की. एकटीला लाज वाटते."

डॉक्टर खरंच उठले! दोघं समोरासमोर उठतायत, बसतायत, छाया टाळ्या वाजवतेय, दारात पेशंटांची गर्दी. शेवटी डॉक्टरच धापा टाकत म्हणाले, "पुरे, आजी! गुरुवारी ऑपरेशन."

गुरुवारी गाठ निघाली. शनिवारी मी वॉर्डात गेलो, तर वहिनी सलाइनची दांडी धरून चालत होती आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणत होती, "ऊठ गं, एकटीला चालायचा कंटाळा येतो."

मला हसू आवरेना. नर्सने मलाच बाहेर काढलं.