दुधातलं औषध शोधणारी भुकटी

कॉलेजात असताना मला पहिल्यांदा फिट आली, आणि तेव्हापासून मी सकाळ-संध्याकाळ एक गोळी घेते. पुढे पीएचडीला नाव घातलं तेव्हा गाईड मॅडमनी विचारलं, "कुठल्या औषधावर काम करायचं म्हणतेस?" मी पर्समधली स्ट्रिप काढून त्यांच्या टेबलावर ठेवली.

मॅडम बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू. भावंडं सगळी इस्रायलला गेली, त्या पनवेलातच राहिल्या. शनिवारी प्रयोगशाळेत पाऊल टाकत नसत आणि बाकीचे दिवस आम्हाला सोडत नसत. स्ट्रिप उलटसुलट करून त्या म्हणाल्या, "ठीक. निदान कंटाळा तरी येणार नाही तुला."

रक्तात किंवा दुधात शेकडो गोष्टी असतात. त्या गर्दीतून एकच औषध वेचून काढणारी भुकटी आम्हाला बनवायची होती. औषधाच्या रेणूंभोवतीच प्लास्टिक घडवायचं आणि मग धुऊन ते रेणू काढून टाकायचे. मागे त्यांच्या मापाचे खळगे राहतात. करंजाड्याला आमच्या बिल्डिंगच्या ओल्या कोब्यावरून एक कुत्रं चालत गेलं होतं, त्याचे पंजे अजून तिथे आहेत. तसंच, फक्त डोळ्यांना न दिसणारं. पुन्हा तेच औषध समोरून गेलं की ते खळग्यात अडकतं, बाकीचं वाहून जातं.

पहिली भुकटी तयार झाली आणि मला दिवस गेले. डॉक्टर म्हणाल्या, गोळी बंद करायची नाही. मुलगी झाल्यावर म्हणाल्या, अंगावर पाजायचं. "औषध थोडंसं उतरतं दुधात, पण चालतं."

"थोडंसं म्हणजे किती?"

"थोडंसं म्हणजे थोडंसं," त्या हसून म्हणाल्या. मला काही हसू आलं नाही. मुलगी पिऊन गाढ झोपली की मी तिच्याकडे बघत बसायची. पोट भरलं म्हणून झोपली, की माझ्या गोळीमुळे?

रजा संपल्यावर मी मॅडमना म्हटलं, रक्त नंतर करू, आधी दूध करू. त्यांनी कॉलेजच्या एथिक्स समितीची रीतसर परवानगी काढायला लावली. शिवाय गोळी न घेणाऱ्या बाईचं दूधही तुलनेला हवं होतं. माझी जाऊ आपट्याला, गावी असते, तिचा मुलगा माझ्या मुलीच्याच वयाचा. तिला विचारलं.

"माजं कशाला? मी तं गोली घेत नाय."

"म्हणूनच हवंय."

"आमची गाय हाय ना दुभती. तिचं ने पायजे तेवढं."

"गाईचं नको, बाईचं हवंय." तिला इतकं हसू लोटलं की कडेवरचं पोर रडायला लागलं. पण तिने सगळं नीट ऐकून घेतलं, संमतीपत्रावर सही केली आणि दूध दिलं.

ते दूध भुकटीतून गाळलं, भुकटीला जे चिकटलं ते सोडवून यंत्रात घातलं. या यंत्रात प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर पडतो आणि स्क्रीनवरच्या रेघेत त्याचं टोक उमटतं. माझ्या औषधाच्या जागी झकास टोक उमटलं.

जावेच्या दुधात माझं औषध! वाटलं, माझ्याच हातांचं लागलं असणार. पर्स बाहेर ठेवली, नवे ग्लोव्ह्ज घातले, भांडी पुन्हा धुतली. टोक तिथेच. शेवटी नुसतं पाणी गाळून बघितलं. पाण्यातही औषध.

मॅडमनी चष्मा वर सरकवला. "तुझ्या हातांचं नाहीये हे. भुकटीच गळतेय."

आम्ही कितीही धुतलं तरी काही रेणू प्लास्टिकच्या आत खोल अडकून राहत होते आणि सवडीने बाहेर येत होते. दुधात औषध अगदी किंचित असणार. तिथे एवढी गळतीही सगळा हिशेब बिघडवणार. पुढचा आठवडाभर मी धूत राहिले. गळती कमी झाली, थांबली नाही.

मग एका दुपारी डबा खाताना मला सुचलं आणि मी उष्टा हात तसाच घेऊन मॅडमच्या केबिनमध्ये गेले. "मॅडम, गळू दे. पण दुसरंच काहीतरी गळू दे."

"म्हणजे?"

"खळगे याच औषधाचे कशाला? याचं भावंड आहे ना, एका ऑक्सिजनचा फरक असलेलं. त्याच्याभोवती प्लास्टिक करू. माझं औषध त्या खळग्यात बसेल. आणि गळलंच तर भावंड गळेल, त्याचं टोक वेगळ्या जागी येतं."

"असं लोकांनी केलेलं आहे. वाचलंस कुठे?"

"नाही."

"मग आता वाच," त्या म्हणाल्या, आणि कपाटातून त्या भावंडाची बाटली काढायला स्वतःच उठल्या.

पुन्हा पहिल्यापासून. द्रावणातून नायट्रोजनचे बुडबुडे सोडून ऑक्सिजन हाकलला, नळी बंद केली, गरम तेलात ठेवली. पाण्यासारखं स्वच्छ द्रावण आधी दुधाळलं, मग दगडासारखं घट्ट झालं. नळी हातोडीने फोडली, तो पांढरा दगड खलात कुटला, चाळला, धुतला. भावंडाशिवाय, म्हणजे खळग्यांविना बनवलेली एक साधी भुकटीही तुलनेला केली. हात भरून येत होते, पण थांबवत नव्हतं.

यंत्र आम्हाला मिळालं शुक्रवारी दुपारी. शुक्रवारी मॅडमना सूर्य मावळायच्या आत घरी पोहोचायचं असतं, त्यांचा शनिवार तेव्हाच लागतो. त्या खांद्याला पर्स अडकवूनच माझ्या मागे उभ्या राहिल्या. आधी जावेचं दूध. भावंडाच्या जागी एक बारीकसा उंचवटा आला, आणि पुढे माझ्या औषधाच्या जागी रेघ सपाट. अगदी सपाट.

मग माझं दूध. पूर्वी भुकटीतून न गाळता यंत्रात घातलं होतं तेव्हा या दुधाने नुसती झाडी उगवली होती, टोकाला टोक लागून. आता रेघ शांत चालली होती. उंचवटा आला, गेला. आणि मग नेमक्या जागी रेघ उठली. बारीक, सरळ, एकटी. मी उभीच राहिले.

"खाली बस, पडशील," मॅडम म्हणाल्या. "साधी भुकटी?"

तीही चालवली. तिथे ते टोक जेमतेम दिसत होतं. खळगे खरंच काम करत होते.

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं, पर्स सावरली आणि दारातून म्हणाल्या, "एकदा आलं म्हणजे आलं असं नाही. सोमवारी परत." आणि जवळजवळ पळतच गेल्या.

सोमवारी परत आलं. मंगळवारीही. मोजलेला आकडा घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. मुलीच्या वजनाशी ताडून बघून त्या म्हणाल्या, "काळजी करण्याजोगं नाही. मी तेच सांगत होते ना?"

"तुम्ही थोडंसं म्हणत होतात," मी म्हटलं.

त्यांनी आकड्याकडे पुन्हा एकदा बघितलं. "माझ्याकडे हीच गोळी घेणाऱ्या आणखी तिघी-चौघी आहेत. पाजायला घाबरतात. त्यांचं दूध तपासाल का?"

समितीची परवानगी लागेल, मॅडमना विचारावं लागेल, नवी भुकटी कुटावी लागेल, हे सगळं माझ्या डोक्यात आलं. तोंडून मात्र एवढंच आलं, "कधी पाठवता?"